स्वयंपाकघरातून गेलेलं जहाज

टाउन्सव्हिल,
१२ ऑगस्ट

प्रिय मावशी,

हाताने लिहिलेलं पत्र पाहून तू आधी अक्षर तपासशील आणि मग मजकूर वाचशील, हे मला माहीत आहे. अक्षर वाईट आहे. कॉलेज सुटल्यापासून सहीपलीकडे मी काही लिहिलेलं नाही. माझा फोन बिघडलाय आणि ईमेलला तू उत्तर देत नाहीस, म्हणून हा उद्योग.

आजीच्या कबरीवरचा दगड उघडला त्या शनिवारी मी यायला हवं होतं. रजा मिळाली नाही. ओबेदमामालाही मिळाली नाही. म्हणजे तिचा एकुलता एक मुलगा आणि मोठी नात, दोघंही कामावर. तू हे कधी विसरणार नाहीस, म्हणून मीच आधी लिहून टाकते.

पण त्या दुपारी जे घडलं ते तुला सांगायलाच हवं. माझ्या पडद्यावर एक जहाज तुझ्या स्वयंपाकघरातून गेलं.

मी थट्टा करत नाही. माझं काम तुला माहीत आहे. खोलीत बसायचं, प्रवाळाच्या रीफमधून जाणाऱ्या प्रत्येक जहाजाचा ठिपका पडद्यावर बघायचा, कुणी वाट सोडली तर रेडिओवरून विचारायचं. तू म्हणाली होतीस, वर्गावर लक्ष ठेवण्यासारखंच आहे, फक्त पोरं मोठी आहेत. जहाजं आपलं ठिकाण स्वतःच सारखी सांगत असतात. खोटं सांगायचं त्यांना कारण नसतं, म्हणून आपण विश्वास ठेवतो.

त्या दुपारी ‘आल्डर ग्रेस’ नावाचं तेलाचं जहाज पुल्गायच्या बाजूने ईशान्येला निघालं होतं. त्याच्यावर वाट दाखवायला पायलट म्हणून ओबेदमामा होता. ठिपका नीट चालला होता. मग तो अडखळला, डावीकडे सरकला आणि हळूहळू आपल्या बेटाकडे निघाला. उथळ पाण्यात आला. मग किनाऱ्यावर. मग जमिनीवर. कुठेही न थांबता, जणू आपण मधे नाहीच.

मी रेडिओ उचलला. ‘आल्डर ग्रेस, तुम्ही वाट सोडली आहे.’

मामाचा आवाज आला, अगदी शांत. ‘टाउन्सव्हिल, मी वाटेवर आहे.’

‘माझ्या पडद्यावर तुम्ही पुल्गाय बेटावर आहात.’

‘मग पडद्याला चष्मा लावा.’

मागे कुठली तरी घंटा वाजत होती. रेडिओवर इंग्रजीतच बोलायचं आणि ‘कॅप्टन’च म्हणायचं हा नियम. माझ्या तोंडून मात्र घरचं निघालं. ‘आवा, तू तिथे आहेस ना?’

तोही घरच्याच भाषेत म्हणाला, ‘वा.’

एवढंच. मी इशाऱ्याच्या बटणावरचा हात काढून घेतला. धोक्याचा इशारा दिला नाही.

तू सांग मावशी, त्या दुपारी तुम्ही जहाज कुठे पाहिलंत? आणि मामाला यातलं काही विचारू नकोस. या प्रकाराची चौकशी चालू आहे, पण ती नेहमीचीच आहे.

तुझी
केझिया

•

पुल्गाय,
१७ ऑगस्ट

चि. केझियास,
अनेक आशीर्वाद.

पत्र कालच्या विमानाने मिळालं. अक्षर खरोखरच वाईट आहे. बिघडलेला फोन माणूस दुकानात नेतो, मावशीला पानंच्या पानं लिहीत बसत नाही. तेव्हा त्या फोनचं खरं काय झालं ते पुढच्या पत्रात लिही.

आता तुझ्या जहाजाबद्दल. त्या दुपारी मी स्वयंपाकघरात नव्हते. कुणीच नव्हतं. भट्टी जमिनीत पुरून झाली होती, कासव आणि डुकराचं मांस आत शिजत होतं, नारळाच्या दुधातल्या सोप-सोपची पातेली झाकून ठेवली होती आणि अख्खं गाव कबरस्तानात उभं होतं. तरीही स्वयंपाकघरातून तेलाचं जहाज गेलं असतं तर पातेली हललेली दिसली असती. हलली नव्हती.

दगड छान झाला आहे. काळा, वर कासव कोरलेलं. तुझ्या मामीच्या माहेरच्यांनी एकेक कापड काढलं, पद्धतीप्रमाणे. शेवटचं कापड सुटलं तेव्हा ढोल एकदम थांबला आणि वाऱ्याशिवाय काही ऐकू येईना. वर्षभर आपण तिचं नाव रडत घेतलं, त्या क्षणापासून हसत घ्यायचं. माझ्या बाबतीत ते अजून पूर्ण जमलेलं नाही.

जहाज मी पाहिलं. पास्टर प्रार्थना करत होते आणि अर्धी मंडळी माना वळवून समुद्राकडे बघत होती. ‘ओबेद चाललाय, ओबेद चाललाय’ अशी कुजबुज. मी प्रार्थना संपेपर्यंत वळले नाही. मग वळले. जहाज नेहमी जिथून जातं तिथूनच चाललं होतं, खुणेच्या खांबांपलीकडून. खूप लांब, खूप मोठं, आणि आवाज नाही. आईला ते आवडलं असतं.

तू येऊ शकली नाहीस, फोटो तरी पाठवा म्हणशील. फोटो नाहीत. मी सकाळीच सर्वांना सांगितलं होतं, दगड उघडताना कुणाच्या हातात फोन दिसला तर तो समुद्रात जाईल. एकाच्याही हातात दिसला नाही. गेल्या दहा वर्षांत या बेटावर फोटोंशिवाय झालेला हा एकमेव समारंभ, आणि मला त्याचा अभिमान आहे. पाहायचं ते डोळ्यांनी पाहावं.

ओबेद इथे आलाय. रजा घेतली म्हणतो. आईच्या दगडाला न मिळालेली रजा आठवड्याभरात बरी मिळाली. सकाळपासून माझ्या छपराचा पत्रा ठोकतोय. पत्रा चांगला होता. मी काही विचारलेलं नाही, तू सांगितलंस म्हणून नव्हे, तर तो शिडीवर असताना त्याला काही विचारायचं नाही म्हणून.

तुम्ही दोघं माझ्यापासून काय लपवताय?

तुझी
ड्रुसिलामावशी

•

टाउन्सव्हिल,
२४ ऑगस्ट

प्रिय मावशी,

फोन बिघडलेला नाही. तो त्यांनी तपासायला नेलाय, लॅपटॉपसकट. मला कामावरून बाजूला बसवलंय. मामाचा परवाना स्थगित केलाय. तो रजेवर नाही. त्याने तुला सांगू नकोस असं मला बजावलं होतं, आणि मीही त्याला तेच बजावलं होतं. एकाच माणसापासून लपवताना आम्ही दोघं एकमेकांना शहाणं समजत होतो.

आरोप असा आहे. त्या दिवशी आईचा दगड उघडणार होता. मुलाला रजा नव्हती. म्हणून त्याने तेलाने भरलेलं जहाज वाट सोडून बेटाजवळ नेलं, कबरस्तान दिसेल इतकं जवळ. आणि आपण कुठे गेलो ते कळू नये म्हणून जहाजाच्या ठिकाण सांगणाऱ्या यंत्रात गडबड केली. जहाज जमिनीवर चढू शकत नाही हे त्यांनाही कळतं. ते म्हणतात, ठिपका खोटा आहे हे उघडच आहे, प्रश्न एवढाच की तो खोटा कुणी केला. आणि ते कसं करतात हे जिला शिकवलं गेलंय ती भाची त्याच वेळी पडद्यासमोर होती.

मला शिकवलं गेलंय हे खरं आहे. गेल्या वर्षी याच विषयासाठी मला कॅनबेराला पाठवलं होतं. जहाजांना फसवतात कसं हे कळलं तर फसवणूक ओळखता येईल, म्हणून. तेच प्रमाणपत्र आता चौकशीच्या टेबलावर आहे.

आणि रेडिओवरचं बोलणं. ज्याने ते ऐकून टाईप केलं त्याने ‘आवा’ ऐवजी ‘ओव्हर’ लिहिलं आणि ‘वा’ ऐवजी ‘व्हॉट’. म्हणजे मी विचारलं, ‘ओव्हर, तू तिथे आहेस ना?’ आणि मामा म्हणाला, ‘काय?’ तसंच राहू दिलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. आमची आडनावं वेगळी, नातं कुणी विचारलेलं नव्हतं. पण कागद माझ्यासमोर सहीला आला आणि मला ते सहन झालं नाही. मी खोडून लिहिलं, की आमच्याकडे मामाला आवा म्हणतात आणि हो ला वा. समोरच्या चौकशीवाल्या बाईंनी विचारलं, ‘म्हणजे कॅप्टन मारेको तुमचे मामा आहेत?’

मी म्हणाले, हो.

आता तुला जे सांगणार आहे ते चौकशीसाठी नाही. तुलाच सांगावंसं वाटतं.

मावशी, आपल्या डोक्यावर उपग्रहांत बसवलेली घड्याळं फिरताहेत. वीस हजार किलोमीटर उंचीवर. ती बाकी काहीच सांगत नाहीत. फक्त म्हणत राहतात, मी अमुक ठिकाणी आहे आणि माझ्याकडे आत्ता इतके वाजले. अशा चार घड्याळांचं ऐकलं की खाली यंत्राला आपण कुठे आहोत ते कळतं, कारण जे दूर आहे त्याचं बोलणं किंचित उशिरा पोहोचतं. त्या किंचित उशिरावर जगातली सगळी जहाजं चालतात. कॅनबेराला हे पहिल्यांदा नीट कळलं तेव्हा मी बाहेर जाऊन आकाशाकडे बघत उभी राहिले होते. तिथे काहीच दिसत नव्हतं.

पण ती हाक खाली येईपर्यंत इतकी क्षीण होते की तुझ्या फ्रिजमधला दिवा इथून टाउन्सव्हिलमधून बघावा तशी. कुणी जवळ उभं राहून तेच शब्द थोडे मोठ्याने बोललं, की यंत्र त्याचं ऐकतं. खरा आवाज कुठला ते त्याला कळत नाही, मोठा कुठला तेवढंच कळतं. कुलूप तोडावं लागत नाही, कारण तिथे कुलूपच नाही. गावाएवढं जहाज आणि त्याच्या पोटातलं तेल एका कुजबुजीवर चालतं, आणि तरी रोज सुखरूप पोहोचतं. मला भीती वाटायला हवी. भीतीपेक्षा नवल जास्त वाटतं.

माझी खात्री आहे की मामाने यंत्राला हात लावला नाही. कुणीतरी जवळपास मोठ्याने बोलत होतं. तसं असेल तर ते फक्त जहाजाला ऐकू गेलं नसणार. बेटावरही गेलं असणार. म्हणून विचारते, त्या दुपारी जीपीएस चालू असलेलं काहीही बेटावर होतं का? एखादी बोट, काहीही. फोनने फोटो काढला की तो कुठे काढला हे फोन त्या फोटोत लिहून ठेवतो. एक फोटो पुरला असता. पण तू म्हणतेस एकही नाही, आणि तू म्हणालीस की नाही, म्हणजे नाही.

जहाजावरची स्वतःची नोंद असते, रडारच्या चित्रासकट. मालक ती द्यायला टाळाटाळ करताहेत आणि जहाज केव्हाच पुढे गेलंय. चौकशीचा निर्णय महिनाअखेरीनंतर लगेच होईल. मामाचा परवाना गेला तर तो काय करेल हे मला सुचत नाही. पत्रे तरी किती ठोकणार.

केझिया

•

पुल्गाय,
३० ऑगस्ट

चि. केझियास,

कागदावरची चूक दुरुस्त केलीस ते बरं केलंस. त्याने नुकसान झालं असलं तरी बरं केलंस. ‘वा’चं ‘व्हॉट’ झालेल्या कागदावर तू सही केली असतीस तर मी तुझ्याशी बोलले नसते.

तुझं पत्र वाचून मी ओबेदला शिडीवरून खाली बोलावलं.

‘परवाना कुठे आहे?’ मी विचारलं.

‘पोरीने सांगितलं वाटतं,’ तो म्हणाला.

‘तू सांगायला हवं होतंस.’

‘तू ओरडली असतीस, ताई.’

‘आता मी काय करणार आहे असं वाटतं तुला?’

मग चहा झाला आणि त्याने सांगितलं. तो कमी बोलतो, तुला माहीत आहे, म्हणून मी जसं ऐकलं तसं लिहिते.

जहाजाचा कप्तान परदेशी, वयाने लहान, शिकलेला. चांगला माणूस, असं ओबेद म्हणतो. खुणेचे खांब समोर एका रेषेत दिसत होते, म्हणजे जहाज वाटेच्या मधोमध होतं. तेवढ्यात नकाशाच्या पडद्यावर जहाज डावीकडे उडालं आणि घंटा वाजायला लागल्या. कप्तानाने पाहिलं तर आपण खडकावर. पडद्यावर. त्याने सुकाणूवाल्याला हुकूम दिला, ‘उजवीकडे, पूर्ण.’ वाटेवर परत यायला. आणि तो पोरगा चाक फिरवणार तेवढ्यात ओबेद म्हणाला, ‘सरळ.’

उजवीकडे काय आहे ते तुला माहीत आहे. ओहोटीच्या वेळी मोठा रीफ तिथे दातांसारखा वर येतो. त्या दिवशी तो पाण्याखाली होता, म्हणजे दिसतही नव्हता.

सुकाणूवाला दोघांकडे बघत राहिला. कप्तान ओरडला, ‘आपण बेटावर आहोत.’

ओबेदने त्याचा दंड धरून खिडकीपाशी नेलं. ‘बेट कुठे दिसतंय?’

‘डावीकडे.’

‘आपण बेटावर असतो तर ते डावीकडे कसं दिसलं असतं?’

कप्तानाने बेटाकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, परत बेटाकडे पाहिलं. मग सुकाणूवाल्याला म्हणाला, ‘सरळ.’ ओबेद म्हणतो, ते म्हणायला त्याला जेवढं धाडस लागलं तेवढं आपल्याला आयुष्यात कधी लागलेलं नाही. आपल्याला बेट ओळखीचं होतं. त्याला नव्हतं. त्याने अनोळखी माणसाच्या बोटाकडे बघून घंटांकडे पाठ फिरवली.

मी उठून ओट्यापाशी गेले आणि भांडी घासली. ती घासलेलीच होती.

आता फोटोंबद्दल. साक्षीदार म्हणून गावाची नावं पाठवणार होते, पण ती लिहून पाहिली तर मारेको, मारेको, मारेको, आणि मारेकोंनी ज्यांच्याशी लग्नं केली ते. तुझ्या चौकशीवाल्या बाईंना त्यात फार काही सापडणार नाही. म्हणून रविवारी उपासना संपल्यावर मी पुढे जाऊन उभी राहिले. या गावातल्या बहुतेकांना बाराखडीच्या आधी मी शिस्त शिकवली आहे, ते आपोआप गप्प बसले.

मी म्हणाले, ‘दगड उघडताना ज्यांनी फोटो काढले त्यांनी हात वर करा.’

कुणीही नाही. सगळे जमिनीकडे.

मी म्हणाले, ‘ओबेदचा परवाना त्या फोटोंवर अवलंबून आहे. फोन समुद्रात जाणार नाही.’

पहिला हात पास्टरांचा वर गेला.

केझिया, ते प्रार्थना करत होते. डाव्या हातात पवित्र शास्त्र होतं, ते मी पाहिलं होतं. उजवा हात कुठे होता ते पाहिलं नव्हतं. त्यांच्यानंतर बायका, म्हातारे, गायनवृंद, कापड काढणारे सोयरे. सोयरे एका हाताने कापड काढत होते आणि दुसऱ्या हाताने फोटो. माझी सख्खी मैत्रीण हॅगर, जिने मला सकाळी ‘अगदी बरोबर बोललीस’ म्हणून शाबासकी दिली होती, तिने तर चित्रफीतच घेतली होती, टोपीखालून. शेवटी एकच हात खाली राहिला आणि तो माझा होता.

राग आला नाही, हे मला विशेष वाटलं. उलट असं वाटलं की इतक्या माणसांनी आईला इतकं जपून ठेवायचं ठरवलं आणि माझ्या भीतीने चोरून ठेवलं. तू मागच्या पत्रात लिहिलंस, मी म्हणाले नाही म्हणजे नाही. यापुढे एवढ्या खात्रीने मानू नकोस.

सगळे फोटो हॅगरच्या मुलीने पेन-ड्राइव्हमध्ये घातले आहेत, फोनमधून आले तसेच, न कापता. पाकिटात तो आहे. सोबत पास्टरांचं पत्र आहे. ते मारेको नाहीत.

तुझी
ड्रुसिलामावशी

•

टाउन्सव्हिल,
११ सप्टेंबर

प्रिय मावशी,

पेन-ड्राइव्ह मी उघडला नाही. सीलबंद पाकिटासारखा तसाच चौकशीवाल्या बाईंकडे नेऊन दिला. मी उघडला असता तर म्हणाले असते, भाचीने फोटोही बदलले. त्यांनी त्यांच्या माणसाकडून ते सगळे फोटो नकाशावर ठेवून घेतले आणि मग मला आत बोलावलं. बाई उभ्या होत्या. मला म्हणाल्या, ‘बसा. हे मला तुम्हीच समजावून सांगा.’

मी नकाशा पाहिला.

बेटावर जवळजवळ एकही फोटो नव्हता. बहुतेक सगळे समुद्रात होते. शंभरावर फोटो, वेगवेगळे फोन, वेगवेगळी माणसं, आणि सगळे एका सरळ रेषेत, बहुतेक पाण्यावर. ज्या मिनिटाला ‘आल्डर ग्रेस’चा ठिपका जिथे होता, त्याच मिनिटाचे फोटो त्याच ठिकाणी. पास्टर तिथे. हॅगरमावशीची टोपी तिथे. ढोलवाले, भट्टी, सोप-सोपची पातेली तिथे. तू एका फोटोत आहेस, पाठमोरी, ताठ उभी. तूही तिथेच. सगळं गाव त्या दुपारी तेलाच्या जहाजाबरोबर समुद्रात चाललं होतं, एकाच ठिपक्यात, आणि कुणाचे पाय भिजले नव्हते.

मामा यंत्रात हात घालून जहाजाला खोटं बोलायला लावू शकला असता. पण तो हॅगरमावशीच्या फोनला कसा लावणार? मला ते बाईंना सांगावं लागलं नाही. त्या स्वतःच म्हणाल्या, ‘हे जहाजातून आलेलं नाही. हे बाहेरून आलंय.’

मग दोन दिवसांत बाकीचं उलगडलं. मासेमारी खात्याकडे प्रत्येक परवानाधारक बोटीचा मागोवा असतो. त्यांनी आपला नकाशा आमच्या नकाशावर ठेवला. एका बोटीची त्या दुपारची रेषा जशीच्या तशी तीच. बोट प्रत्यक्षात बंदी असलेल्या रीफवर तळावरचे महागडे जीव, समुद्रकाकड्या, उचलत होती, पुल्गायच्या मागच्या अंगाला. आपण भलतीकडून शहाण्यासारखे सरळ चाललो आहोत असं स्वतःच्या बोटीवरच्या यंत्राला पटवायला त्यांनी एक डबा विकत आणला होता. तो डबा बोटीपुरता बोलेल अशी त्यांची समजूत. तो आसपासच्या सगळ्या समुद्राशी बोलला. बोटीचा मालक म्हणतो, आम्हाला कुणाला बुडवायचं नव्हतं. मला ते खरं वाटतं, आणि म्हणूनच अंगावर काटा येतो. कुणी शत्रूही नव्हता. आपल्याच यंत्राला फसवायला निघालेल्या एका माणसामुळे तेवढं तेल आपल्या रीफवर सांडलं असतं.

आणि ती रेषा बेटावरून का गेली, सांगू? त्यांनी ती रेषा लहान प्रमाणाच्या नकाशावर आखली होती. त्या नकाशावर पुल्गाय नाही. तिथे निळा रंग आहे. हे ऐकून तुला काय वाटेल ते मला इथे बसून दिसतंय.

एक गोष्ट अजून. बाईंनी मुद्दाम मला ती दाखवली. रेषा बेटावरून जाते ना, तेव्हा मधे काही क्षण ठिपका खरोखरच आपल्या कबरस्तानावर आहे. तेवढ्या क्षणांचे फोटो, तेवढेच, खरे ठिकाण सांगतात. खोटी रेषा आणि खरी जागा तिथे एकमेकींना भेटतात. बाईंनी त्या क्षणाचा फोटो मोठा केला. शेवटचं कापड अर्धं हवेत आहे. खाली काळ्या दगडावरचं कासव.

मी वेळ पाहिली. त्याच मिनिटाला मी रेडिओवर होते.

मामाचा परवाना परत मिळतोय. कागद आठवड्याभरात निघेल. मला कामावर घेतलं आहे, एका ताकीदपत्रासह, की रेडिओवर घरची भाषा बोलू नये. ते बरोबर आहे. मी सही केली.

मामाला सांग. नाही, मी सांगेन. नाही, तूच सांग.

केझिया

•

पुल्गाय,
२० सप्टेंबर

चि. केझियास,
अनेक आशीर्वाद.

ज्या नकाशावर आपण नाही तो नकाशा छापणाऱ्यांना मी पत्र लिहिलं आहे. सभ्य भाषेत. बेटाची लांबी-रुंदी, विहिरी, शाळा, चर्च आणि लोकसंख्या कळवली आहे, आणि बेट इथे केव्हापासून आहे तेही.

ओबेदला तुझं पत्र वाचून दाखवलं. फोटो समुद्रात होते इथपर्यंत तो नुसता मान हलवत होता. गाव जहाजाबरोबर चाललं होतं हे ऐकून हसला. ‘हॅगरला बोट लागते,’ म्हणाला, ‘तिला ओकाऱ्या कशा झाल्या नाहीत.’ मग मी शेवटचा भाग वाचला, कापड हवेत असल्याचा, आणि त्याने मला थांबवून तेवढंच परत वाचायला लावलं.

दुसऱ्यांदा वाचून मी चष्मा काढला. त्याला म्हणाले, ‘एक सांग. पोरीने रेडिओवर विचारलं, तू तिथे आहेस ना. तिला म्हणायचं होतं, वाटेवर. तू वा म्हणालास. तेही वाटेबद्दलच ना?’

उत्तर लगेच न द्यायची त्याची सवय आईची आहे. उत्तर असतं, पण ते कुणाच्या हाती द्यावं हे ठरत नसतं.

‘मी त्या दुपारी पडद्याकडे बघत नव्हतो,’ तो म्हणाला. ‘खांब बघत होतो. खांब एका रेषेत होते, कप्तान शांत झाला होता, सगळं नीट होतं. मग एकदाच खाली पाहिलं. कुठवर पोहोचलंय ते बघावं म्हणून. जहाजाची खूण आईच्या कबरीवर होती, ताई. बरोबर वर. खोटं आहे हे मला माहीत होतं. मीच तर सगळ्यांना सांगत होतो की खोटं आहे. आणि त्याच वेळी पोरीने विचारलं, आवा, तू तिथे आहेस ना.’

बाहेर वारा चांगलाच होता. त्याने ठोकलेला पत्रा वाजला नाही, हे मला मान्य करायला हवं.

‘वाटेबद्दलही ‘वा’च म्हणालो असतो,’ तो म्हणाला. ‘ते खरंच होतं. पण तेव्हा मी कुठल्या ‘तिथे’बद्दल म्हणालो, ते मला आजही सांगता येत नाही.’

केझिया, मी आयुष्यभर उत्तरं तपासली. बरोबर, चूक, अर्धे गुण. हे उत्तर कसं तपासायचं ते मला कळलं नाही. तुझी ती वरची घड्याळं, त्यांची एवढीशी कुजबुज, तो चोरांचा डबा, नसलेल्या बेटावर ओढलेली रेषा, आणि या सगळ्याने मिळून एका माणसाला नेमक्या त्या क्षणी त्याच्या आईजवळ नेऊन ठेवावं, आणि त्याने जहाजही वाटेवरून हलू देऊ नये. मी पुष्कळ वाचलं आहे. असं कुठे वाचलेलं नाही.

चौकशीवाल्या बाईंना यातलं काही कळवू नकोस. त्यांना जे हवं होतं ते खरं आहे आणि त्यांना मिळालं आहे.

ओबेद काल परत कामावर गेला. दहा दिवसांनी पुल्गायवरून जाईल. मी कबरस्तानात जाऊन उभी राहणार आहे. प्रार्थना वगैरे नाही, त्यामुळे वळून बघायला हरकत नाही. तू पडद्यावर बघ. ठिपका वाटेवर असायला हवा. नसेल तर त्याला विचार, इंग्रजीत, कॅप्टन म्हणून.

निघताना तो धक्क्यावर थांबला. बोट सुरू झाली होती तरी थांबला. मला म्हणाला, ‘मी दगडाला होतो असं म्हटलं तर चालेल ना, ताई?’

मी म्हणाले, ‘वा.’

तुझी
ड्रुसिलामावशी